अण्णांच्या चपला

गेल्या वैशाखात अण्णा रामकुंडावर अनवाणी गेले होते. घरी आल्यावर त्यांचे पाय पुसताना आईला उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड दिसला, आणि अण्णांना त्याचा पत्ताच नव्हता. 18 वर्षांच्या मधुमेहाने पायांच्या नसा इतक्या बधिर झाल्या होत्या की तापलेल्या दगडी फरशीचा चटकासुद्धा त्यांना जाणवला नाही. डॉक्टरांनी 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून पाहिला. डोळे मिटून बसलेले अण्णा बऱ्याच ठिकाणी काहीच बोलले नाहीत, तो क्षण मला अजून टोचतो.

जखम भरायला सात आठवडे लागले. त्यानंतर आम्ही त्यांच्यासाठी एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या) रबराच्या, मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेल्या चपला करून घेतल्या. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठीही हेच रबर वापरतात. आतला थर मऊ आणि खालचा टणक असल्यामुळे वजन एकाच उंचवट्यावर न येता तळव्यावर पसरते आणि काटा सहजासहजी आत शिरत नाही. माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्याच्या साध्या स्लिपर मात्र मला अशा पायांसाठी मुळीच पटत नाहीत. त्या निसटल्या तरी माणसाला कळत नाही.

आता अण्णा दर्शनाला फरशी तापण्यापूर्वीच, जाड मोजे घालून जातात. चपला घालण्याआधी ते आत हात फिरवून पाहतात. मागच्या आठवड्यात त्यांना द्राक्षबागेतल्या तारेचा तुकडा सापडला.