जियाओझ (सारण भरून पाण्यात उकळायच्या चिनी करंज्या), घाणा ४ : पारी जमली, सारण अजून पाणी सोडतंय

प्रमाण तेच ठेवलं: मैदा ३०० ग्रॅम, थंड पाणी १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. गोळा आधी ओबडधोबडच मळून २० मिनिटं झाकला, मग पुन्हा दोन मिनिटं मळून अर्धा तास. दुसरी विश्रांती टाळली की पारी लाटताना आक्रसते. तिसऱ्या घाण्यात तेच झालं होतं. उकडीच्या मोदकाची सवय असलेल्यांचा हात गरम पाण्याकडे जातो. तांदळाला ताण नसतो म्हणून तिथे उकड लागते. इथे मैद्याचा ताणच हवा, नाहीतर पारी उकळत्या पाण्यात टिकत नाही.

१० ग्रॅमची एक लाटी, एकूण ४५. आखूड, बारीक लाटणं कडेपासून मध्यापर्यंतच न्यायचं आणि डाव्या हाताने पारी फिरवत राहायचं. व्यास साधारण ८ सेंमी, मध्य जाड, कड पातळ. कडा मिटल्यावर दुहेरी होतात, म्हणून. सगळ्या पाऱ्या आधी लाटून ठेवू नका, कडा सुकतात. उत्तर चीनमधल्या घरांत नववर्षाच्या आदल्या रात्री एकजण लाटतो आणि बाकीचे भरतात, ते या कामाला अगदी बरोबर बसतं.

सारण: डुकराचा खिमा ३०० ग्रॅम (थोडी चरबी हवीच), चिनी कोबी ४०० ग्रॅम, आलं, कांद्याची पात, सोया सॉस. कोबी बारीक चिरून चमचाभर मीठ लावून २० मिनिटं ठेवला आणि घट्ट पिळला. पिळलेल्या कोबीला आधी तिळाचं तेल चोळायचं, म्हणजे उरलेलं पाणी आत अडतं. (तेल भाजलेल्या तिळाचंच हवं. आपलं नेहमीचं तीळतेल चालतं, पण तो वास येत नाही.) खिम्यात ८० ग्रॅम आल्या-पातीचं पाणी (आलं आणि पात भिजवून गाळलेलं) थोडं थोडं घालत, एकाच दिशेने, चिकट होईपर्यंत फेटलं. कोबी सगळ्यात शेवटी. तरीही भरलेले जियाओझ ४० मिनिटं ताटात राहिले, तेव्हा तळ ओले होऊन चिकटले. पुढच्या वेळी १५-१५ भरून लगेच उकळायचे.

एका पारीत १४ ग्रॅम सारण. कडेला पाणी लावायची गरज नाही, पण तेलाचा थेंब लागला तर ती कड हमखास उघडते.

अडीच लिटर पाण्यात चमचाभर मीठ. जियाओझ टाकताच डावाच्या पाठीने तळ हलकेच ढवळायचा. उकळी आली की कपभर थंड पाणी, असं तीनदा. सतत खळखळत ठेवलं तर आतलं मांस शिजायच्या आत पारी फाटते. ४५ पैकी ३ फुटले. सणाच्या दिवशी तिकडे 'फुटला' म्हणत नाहीत, 'झंग' म्हणतात. उकलणं आणि कमावणं, दोन्हींसाठी उच्चार एकच. तेव्हा नोंद अशी: ३ कमावले.

उरलेले १२ पीठ भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवून फ्रीजरमध्ये टाकलेत. कडक झाले की पिशवीत, आणि उकळताना न वितळवता थेट पाण्यात. त्यातल्या सहांवर पाचव्या घाण्यात तव्यावरची जाळी (पातळ पिठाचा तळाशी धरणारा कुरकुरीत जाळीदार पापुद्रा) करून बघायची आहे: १० ग्रॅम मैदा, १०० मिली पाणी, २० मिली तेल.