ग्रेलिंगच्या जंगलात जुन्या रिकर्व्ह धनुष्यासह: वृत्तांत आणि काही सूचना

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आम्ही दोघे मिशिगन राज्यातील ग्रेलिंगच्या परिसरात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीसाठी गेलो होतो. माझ्या स्नेह्यांकडे आधुनिक कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेले धनुष्य होते. माझ्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरीस बनलेले बेअर कंपनीचे सुपर कोडियाक हे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढच्या बाजूला वळलेले साधे धनुष्य होते. त्याची लांबी ६० इंच, आणि प्रत्यंचा २८ इंच ओढून धरायला ४५ पौंडांचा जोर लागतो. ग्रेलिंगची निवड मी आग्रहाने केली होती, कारण कंपनीचे संस्थापक फ्रेड बेअर यांनी १९४७ मध्ये आपला कारखाना डेट्रॉइटहून याच गावात आणला आणि १९७८ मध्ये तो फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे हलवला जाईपर्यंत त्यांची नावाजलेली शिकारी धनुष्ये येथेच घडत होती. ते धनुष्य त्याच्या जन्मगावच्या जंगलात वापरावे, ही माझी बऱ्याच काळाची इच्छा होती.

ओ साबल नदीच्या आसपासचा हा प्रदेश वालुकामय आहे. जॅक पाइन आणि तांबड्या पाइनचे मोठे पट्टे आणि मधूनमधून ओकची झाडी, असे त्याचे साधारण रूप आहे. शरदात ओकची फळे गळू लागली की हरणे तिकडे वळतात. राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पात हरणांना आमिष घालण्यावर २०१९ पासून बंदी असल्यामुळे हे नैसर्गिक खाद्य कोठे पडले आहे, हे पायी हिंडून शोधणे हाच खरा मार्ग उरतो. पहिला दिवस आम्ही बाण न काढता केवळ पाऊलवाटा, ताज्या लेंड्या आणि उकरलेला पाचोळा पाहण्यात घालवला, आणि मागून येणाऱ्यांनीही तसेच करावे असे मी सुचवेन.

जुन्या रिकर्व्हचे आकर्षण नेमके कशात आहे, हे मला दोन प्रसंगांमधून सांगता येईल. एका सकाळी सुमारे तीस यार्डांवरून एक तरुण नर आडवा जात होता. माझ्या स्नेह्यांच्या दृष्टीने ते अंतर सहज आवाक्यातले होते, पण ते दुसऱ्या टेकाडावर बसले होते. मी मात्र धनुष्य उचललेच नाही. कंपाउंडची ओढ पूर्ण झाली की चाके भार बऱ्याच अंशी पेलून घेतात, त्यामुळे नेम धरून थांबता येते. रिकर्व्हमध्ये ती सवलत नाही. पूर्ण ओढीला ४५ पौंडांचा सगळा भार बोटांवर येतो आणि एक-दोन क्षणांपलीकडे तो स्थिर ठेवता येत नाही. शिवाय अशा धनुष्याचा बाण सेकंदाला १७० ते १९० फुटांच्या आसपास जातो, तर आवाज सुमारे ११०० फूट. प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी हरणापर्यंत पोहोचतो आणि सावध हरीण तेवढ्या वेळात खाली दबते. म्हणून माझी मर्यादा मी पंधरा यार्डांची ठेवली आहे, आणि त्या मर्यादेतच या शिकारीचा सगळा आनंद आहे असे माझे ठाम मत आहे. पंधरा यार्डांवर जायचे तर वारा, वाट, सावली आणि हरणाची नजर या चारही गोष्टी जुळवून आणाव्या लागतात. जे काम यंत्र करू शकले असते ते माणसाला शिकावे लागते, आणि जंगल अधिक बारकाईने पाहिले जाते.

दुसऱ्या प्रसंगी, दुपार कलताना, दोन माद्या ओकखाली चरत माझ्याकडे सरकल्या. मी पडलेल्या खोडाआड गुडघ्यावर होतो. पुढच्या मादीचे डोके झाडाच्या बुंध्यामागे गेले तेव्हाच ओढ घेतली, हनुवटीच्या कोपऱ्यापाशी बोट टेकले आणि ती आडवी उभी राहताच बाण सोडला. बाणावर फिकट गुलाबी, फेसाळ रक्त होते, म्हणजे फुफ्फुसाचा वेध. तरीही अर्धा तास जागेवरून हललो नाही, मग माग काढला. ती जवळच पडलेली आढळली. रक्त गडद असेल तर यकृताला लागलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी कित्येक तास थांबणे आवश्यक आहे, कारण घाईने पाठलाग केल्यास जखमी जनावर दूर जाते आणि त्याचे हाल होतात.

धनुष्य विकत घेताना घाई करू नये. बेअरच्या धनुष्यावर ‘कॅनडा १९५३’ अशी अक्षरे दिसली की विक्रेते ते १९५३ सालचे असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात ते पेटंटचे वर्ष आहे आणि पुढील अनेक वर्षांच्या धनुष्यांवरही ते आढळते. मुठीत बसवलेल्या गोल नाण्याचा धातू आणि ते लाकडाच्या पातळीत आहे की उठावाचे, यावरून काळाचा अंदाज अधिक चांगला येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भुजा, अर्थात मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, तपासणे. फायबरग्लासवरील लांबीच्या दिशेने गेलेल्या केसासारख्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात, परंतु आडवी भेग असेल किंवा थर सुटत असतील तर ते धनुष्य केवळ भिंतीवर लावण्याजोगे आहे. प्रत्यंचा चढवून टोकाकडून पाहावे. ती दोन्ही भुजांच्या मधोमध दिसली पाहिजे, अन्यथा भुजा पिळल्या आहेत असे समजावे. प्रत्यंचा डॅक्रॉन या थोड्या ताणणाऱ्या धाग्याचीच वापरावी, कारण आजच्या न ताणणाऱ्या धाग्यांचा झटका जुनी टोके सहन करू शकत नाहीत. ६० इंची धनुष्याला साधारण ५६ इंचांची प्रत्यंचा लागते. ती पायाच्या आधाराने धनुष्य वाकवून कधीही चढवू नये, त्यासाठी मिळणारी दोरी वापरावी. पायाच्या आधाराने चढवणे हेच भुजा पिळण्याचे मोठे कारण आहे.

जमिनीवर बसून शिकार करणाऱ्यांनी धनुष्य थोडे तिरपे धरण्याचा सराव घरीच करावा, म्हणजे खालची भुजा अडत नाही आणि लक्ष्यही मोकळे दिसते. बेअरचेच ५२ इंचांचे कोडियाक मॅग्नम झुडपांमध्ये सोयीचे असते, पण ज्यांची ओढ लांब आहे त्यांची बोटे प्रत्यंचेच्या तीव्र कोनात चिमटली जातात, म्हणून मी ६० इंचीच पसंत करतो. मुठीवरच्या शेल्फवरून, म्हणजे बाण टेकवण्याच्या कडेवरून, बाण सोडायचा असल्याने त्याला प्लास्टिकची नव्हे, पिसांची पाती असावीत, कारण पिसे दबतात आणि बाणाची दिशा बिघडवत नाहीत. बाणाचा ताठपणा धनुष्याशी जुळवण्यात जो वेळ जाईल तो सार्थकी लागतो. जुळणी झाल्याशिवाय ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे धारदार पात्यांचे टोक, लावू नये, आणि लावल्यावर ती वस्तऱ्यासारखी धारदार असल्याची खात्री करावी.

मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो. शांतता हवी असेल तर त्यापूर्वीच जावे. परवाना सोबत ठेवावा, आणि हरीण मिळाल्यास ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करणे बंधनकारक आहे. ग्रेलिंगभोवती लष्करी सरावाची विस्तीर्ण जमीन आहे, तेव्हा फलक वाचल्याशिवाय आत शिरू नये. परतीच्या प्रवासात धनुष्य तापलेल्या मोटारीत ठेवू नये, कारण उष्णतेने जुना डिंक सैल होतो. प्रत्यंचा उतरवावी, भुजा कोरड्या पुसाव्यात आणि घरी धनुष्य कोपऱ्यात उभे न करता आडवे टांगावे.