पाहुण्यांचा निरोप: शेवटचा दीड दिवस, नाशिक ते मुंबई विमानतळ

सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जर्मनीहून आलेला गट यंदा रंगपंचमी करून परत गेला. पाहुणे गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी अशा वेगवेगळ्या घरांत उतरले होते आणि निघण्याच्या दिवसाची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात होती. त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, येवल्याचे माग यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त शेवटच्या दीड दिवसाचं लिहिते. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी पाहुणे येणार आहेत, त्यांना ते कामाला येईल.

युरोपला जाणारी बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे निघायचा दिवस संध्याकाळपर्यंत मोकळाच असतो आणि तो दिसला की आयोजकांचे हात शिवशिवतात. सकाळी सोमेश्वर, मग वायनरी, जाता जाता एखाद्या संस्थेत चहापान. आम्ही हे सगळं छाटलं. भाषणं, लेझीम, गटाचे फोटो आदल्या संध्याकाळी हॉलवर उरकले आणि शेवटचा दिवस घरांना देऊन टाकला. माझं बाकी काही ऐकलं नाहीत तरी एवढं ऐका. बॅग भरता भरता, भांडी आवरता आवरता जे बोलणं होतं, ते हॉलमधल्या माइकसमोर होत नाही.

सत्काराबद्दलही स्पष्टच सांगते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह या त्रिकुटाला आपल्याकडे तोड नाही, पण विमानाने जाणाऱ्या माणसाला ते काच आणि लाकडाचं अवजड स्मृतिचिन्ह म्हणजे शिक्षा आहे. शाल चालेल, हलकी असते. श्रीफळ हातात द्या, फोटो काढा आणि परत घ्या.

नारळाचा प्रश्न घरीही येतोच, कारण निघताना ओटी भरायचीच असते. पंचवटीतल्या एका घरी मी पाहुणीला घ्यायला थांबले होते. या पाहुण्या बाई सत्तरीच्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सून ताट घेऊन आली आणि मध्येच थबकली. घरातल्या आजी खुर्चीतूनच म्हणाल्या, "थांबलीस काय? लेक सासरी निघालीये, भर ओटी." पाहुणीला शब्द कळले नाहीत. सुनेने तिच्या खांद्यावर ओढणी टाकली, पदरासारखी पुढे धरायला लावली आणि खण, तांदूळ, नारळ घातला. तिने ते सगळं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं आणि खाली ठेवायलाच तयार होईना. शेवटी आजींनीच नारळ काढून घेतला आणि खूण करून सांगितलं, की हा आमच्या आमटीला. खण तेवढा बॅगेत गेला.

आता बॅगेचं. बहुतेकांना चेक-इनला 23 किलोची एक बॅग असते, म्हणून हुकाला अडकवून वजन करायचा काटा एका घरातून दुसऱ्या घरात फिरता ठेवा. सुकं खोबरं बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे विमान कंपन्या ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. पेढे, बर्फी, तूपही नको, कारण दुधाचे पदार्थ प्रवाशांनी सामानातून आणायला युरोपात बंदी आहे. काळा मसाला आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत अडकेल, ते चेक-इनलाच टाका आणि बरणीला दोन पिशव्या चढवा. चिवडा बिनधास्त द्या, फक्त तळाशी नको, नाहीतर फ्रँकफर्टला पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. भांडी बाजारातून तांब्याचं काही घ्यायचं असेल तर लोटीवर थांबा. हंड्यावर जीव जडलेला एक पाहुणा आमच्याकडे होता. त्याला काटा दाखवला तेव्हा कुठे तो शांत झाला.

द्राक्षांनी सगळ्यांनाच हळहळ लावली. मार्चमध्ये बागा भरात असतात, पाहुण्यांनी दिंडोरीकडे घड हातात घेऊन खाल्लेली. पण ताजी द्राक्षं रोपस्वच्छतेच्या, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याच्या, प्रमाणपत्राशिवाय युरोपात नेता येत नाहीत. मनुके द्या. आणि हेही सांगा, की नाशिकची द्राक्षं कंटेनर भरून रॉटरडॅमला जातात, तेव्हा तिकडच्या दुकानात खोक्यावरचं लेबल बघत जा. आमच्या यजमानांपैकी एक काका स्वतः बागाईतदार. त्यांनी लगेच तिकडचा भाव कळवायला सांगून ठेवलं.

भेटवस्तूंबाबत एक फरक लक्षात ठेवा. पाहुण्यासमोर पाकीट फोडणं आपल्याला बरं वाटत नाही, जर्मन मंडळींना मात्र आपण ते तिथल्या तिथे उघडावं असं वाटतं. न उघडता कपाटात ठेवलंत तर त्यांचा चेहरा पडतो. उघडा, बघा, दोन शब्द बोला. तुमच्याकडून द्यायला सगळ्यात चांगलं म्हणजे छापलेले फोटो. दोन दिवस आधी स्टुडिओत टाकले की होतात, वजनही नाही.

जेवण हलकं ठेवा. पुरणपोळी आदल्या दिवशी होऊ द्या. निघायच्या दुपारी वरण-भात, मेथीची भाजी आणि घराबाहेर पडताना हातावर दही, इतकं पुरे. आणि रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा असेल तर परतीच्या आधी दोन-चार दिवस तरी मिळतील असं बघा. तो रंग सहजी उतरत नाही. आमचे दोघे कानामागे गुलाबी घेऊनच पासपोर्टच्या रांगेत उभे राहिले.

गाडी संध्याकाळी पाचच्या आत हलली पाहिजे. इगतपुरीहून समृद्धीला लागलात की कसारा घाट टळतो. हा आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि त्यातला जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा पाहुण्यांनी खिडकीला नाक लावून पाहिला. खरी परीक्षा पुढे, भिवंडी आणि ठाण्यात. तिथे किती वेळ जाईल याचा नेम नाही. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं धरून हिशोब करा.

सगळ्या यजमानांनी मुंबईला जायचा हट्ट धरू नये. टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि पासपोर्ट बघतात, सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही आणि गाडी तिथे फार वेळ उभी करू देत नाहीत. ट्रॉल्या, हॉर्न, मागून येणारी घाई, यात धड मिठीही मारता येत नाही. आम्ही गंगापूर रोडवर एका यजमानांच्या अंगणात सगळ्यांना जमवलं, तिथेच रडारड होऊ दिली आणि बसबरोबर दोघंच गेलो. लहान मुलांना तर अंगणातूनच परत पाठवा. आमच्या धाकट्याने पाहुणीच्या बॅगेत स्वतःचा भोवरा सरकवला होता, तो तिला घरी पोचल्यावर सापडला.

आपल्या जर्मनीच्या फेरीचं बोलणंही याच दिवशी करून टाका. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. निमंत्रणपत्रात नाव पासपोर्टप्रमाणे हवं, म्हणून पासपोर्टच्या प्रती पाहुण्यांकडे देऊनच ठेवा. त्यांना पुन्हा नाशिकला यायचं असेल तर 2027 चे ऑगस्ट-सप्टेंबर टाळायला सांगा. तेव्हा सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत आणि आपल्याच घरात आपल्याला झोपायला जागा नसेल. आमच्यातल्या सहा जणांनी प्रती दिल्या आहेत. इंदिरानगरच्या काकू ज्वारीचं पीठ किती न्यायचं ते विचारत होत्या. पीठ चालतं, फक्त पाकीटबंद न्या.