दुर्बिणीतून केलं की हर्निया परत येत नाही ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टोमाच्या, म्हणजे मल किंवा लघवी बाहेर यायला पोटावर केलेल्या तोंडाच्या, शेजारी फुगवटा आलेले बहुतेक रुग्ण मला हाच प्रश्न विचारतात. परत येऊ शकतो. पण किती शक्यता आहे, हे पोटावरची चीर केवढी यापेक्षा आत आधाराची जाळी कशी बसवली यावर जास्त ठरतं.

बेंबीच्या हर्नियात भोक पूर्ण बुजवता येतं. इथे तसं करता येत नाही. मल बाहेर यायला आतड्याला वाट ठेवावीच लागते, आणि त्याच वाटेने पोटातलं आतडं बाहेर घुसू पाहतं. ती वाट नुसते टाके घालून आवळली, तर बहुतेकदा पुन्हा सैल होते. अनेक अभ्यासांच्या 2012 सालच्या एका आढाव्यात अशा दुरुस्तीनंतर 69 टक्के रुग्णांचा हर्निया परत आला होता. म्हणून जाळी लागतेच.

दुर्बिणीतून जाळी बसवायच्या मुख्य पद्धती दोन. एकीत जाळीला मधोमध भोक पाडून त्यातून आतडं बाहेर काढतात. दिसायला सोपं, पण जाळी पुढे आकसते, भोक रुंदावतं. दुसरी पद्धत पॉल शुगरबेकर या सर्जनने 1985 साली मांडली, तेव्हा पोट उघडून. तिच्यात जाळी अखंड असते. सतरंजीखालून वायर न्यावी तसं आतडं जाळी आणि पोटाची भिंत यांच्यामधून कडेने नेतात. पोटातला दाब वाढला की जाळी भिंतीवर दाबली जाते आणि मधली फट आपोआप मिटते. ज्या दाबाने हर्निया होतो, तोच इथे कामाला लावलाय, आणि म्हणूनच ही पद्धत मला मनापासून पटते. त्याच आढाव्यात दुर्बिणीतून केलेल्या भोकाच्या जाळीनंतर सुमारे 21 टक्के, तर अखंड जाळीनंतर सुमारे 12 टक्के हर्निया परत आले होते. युरोपियन हर्निया सोसायटीचाही कल अखंड जाळीकडेच आहे. मात्र आतड्याला कडेने जाण्याइतकी लांबी हवी. लघवीच्या स्टोमात ती कधी कधी पुरत नाही.

छोट्या छिद्रांचे फायदे खरे आहेत: जखम कमी चिघळते, माणूस लवकर चालू लागतो. पण तुमचं पोट आधी एकदा उघडलेलं असतं, आतडी भिंतीला चिकटलेली असतात. ती सोडवणं हाच या ऑपरेशनचा सगळ्यात नाजूक भाग. त्यात आतड्याला इजा झाली तर कधी पोट उघडावं लागतं, कधी जाळी बसवणं नंतरवर ढकलावं लागतं. तसा निर्णय घेणाऱ्या सर्जनवर नाराज होऊ नका.

फुगवटा दुखत नसेल, स्टोमावरची पिशवी नीट चिकटत असेल, तर ऑपरेशनची घाई नको. आधाराचा पट्टा, वजन आणि खोकला आटोक्यात, तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद, एवढ्यावर पुष्कळांचं नीट चालतं. पण फुगवटा एकदम कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, पिशवीत काहीच येईना किंवा स्टोमा काळपट पडला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी इस्पितळ गाठा.