बरडावरची मुळं : खड्डा तिसरा

गवताची आणि झाडाची मुळं किती खोल जातात ते पाहायला खणलेला, मे महिन्यात अर्धवट राहिलेला तिसरा खड्डा परवा उघडीप मिळाली तेव्हा पुरा केला. जागा तीच : साक्री तालुक्यातलं आमचं बरड, अंजनाच्या झाडाच्या खोडापासून दोन मीटरवर. वीतभर माती, खाली मुरूम. पहिल्या खड्ड्यात टिकावाने अंगठ्याएवढं मूळ तुटलं, त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून यंदा वरचा थर खुरप्याने सैल केला आणि फवारणी पंपाने धुतला. भिंतीवर दर 10 सेंमीवर सुतळी ताणून टाचण्या टोचल्या. गवताच्या मुळाला पांढरी, झाडाच्या मुळाला लाल.

पांढऱ्या वर, लाल खाली असतील असं धरून चाललो होतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांनी 1939 मध्ये आफ्रिकेतल्या कोरड्या सवानांबद्दल, म्हणजे झाडं विखुरलेल्या गवताळ माळरानांबद्दल, तसंच मांडलं होतं : गवत वरच्या थरातलं पाणी घेतं, झाड खालचं. पण इथे पहिल्या दोन चौकटींतच लाल टाचण्यांची गर्दी झाली! कुसळी गवताच्या मुळांच्या जाळीतून अंजनाची बारीक तपकिरी मुळं आरपार गेलेली. एक जुडगा भिंगाखाली धरला. कुसळीच्या मुळाला मातीचे कण बाही चढवल्यासारखे चिकटलेले, धुऊनही सुटेनात. अंजनाचं मूळ मात्र लगेच स्वच्छ. ओळखायला ही खूण फार कामाची. 60 सेंमीच्या खाली पांढरी टाचणी एकही नाही. मुरमाच्या फटीत चपटं झालेलं एकच लाल मूळ. पहार लावूनही त्याचा शेवट सापडला नाही.

दक्षिण आफ्रिकेत क्रुगर उद्यानात जड हायड्रोजनचं पाणी (झाडात गेलं की ओळखता येतं असं) वेगवेगळ्या खोलीवर सोडून पाहिलं, तिथेही झाडं बरंचसं पाणी वरूनच घेताना दिसली, गवतापेक्षा जरा खालून इतकंच.

मला आता खोलीइतकीच वेळही महत्त्वाची वाटते. अंजनाला चैत्रात तांबूस पालवी फुटते, तेव्हा कुसळ वाळून खडखडीत झालेली असते. मृगानंतर ती वरच्या थरातली ओल भराभर पिते. दिवाळीनंतर ती पिवळी पडते, अंजन हिरवाच. खरी ओढाताण पावसाळ्यातली, आणि त्यात जीव जातो तो रोपांचा, कारण मूळ मुरमात पोचेपर्यंत त्यांना गवताच्याच थरात दिवस काढावे लागतात.

बांधालगत अंजनाची सहा रोपं आहेत. तिघांभोवतीचं गवत हातभर अंतरापर्यंत कापलंय, तिघांभोवती तसंच ठेवलंय. उंची दर अमावास्येला मोजतोय.