सी स्टँडर्डसाठी सिंगल-कट: गिटार ठरली, नट झाला, इंटोनेशन चालू आहे

आधी निकाल सांगून टाकतो. सिंगल-कटच घेतली, म्हणजे बॉडीला एकाच बाजूनं खाच असलेली इलेक्ट्रिक गिटार. स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजती लांबी, पावणेपंचवीस इंची, बॉडी महोगनीची आणि नेक चिकटवलेली. ट्यूनिंग सी स्टँडर्डला थांबवलं आहे, म्हणजे सहाही तारा नेहमीच्या ई स्टँडर्डपेक्षा दोन पूर्ण सुरांनी खाली. ज्यांना बी किंवा ए पर्यंत खाली जायचं आहे त्यांनी माझ्या मागे येऊ नये. का ते पुढे आहे.

खोल ट्यूनिंग म्हटलं की लांब स्केल, नाहीतर चिखल, असं सगळे सांगतात. अर्धं खरं आहे. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीनं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ पर्यंत गिटार तीन अर्ध्या सुरांनी खाली, सी शार्पला आणली. पेटीवाल्यांची काळी एक. त्याच्या हातात होती एसजी. तिला दोन्ही बाजूंनी शिंगं आहेत, पण स्केल लेस पॉल या नावाजलेल्या सिंगल-कटचीच, आखूड. हा सगळा जड आवाज जन्मला तोच आखूड स्केलवर. म्हणून मी 'सिंगल-कट चालेल का' हा प्रश्न सोडला आणि 'माझा सगळ्यात खालचा सूर कोणता' इथून सुरुवात केली.

हिशोब सोपा आहे. सूर खाली गेला की ताण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. पावणेपंचवीस इंचावर ४६ गेजची (इंचाचे ४६ हजारांश जाड) सहावी तार ई ला साधारण साडेसात किलोनं ताणलेली असते. तीच तार सी ला उतरवली की पावणेपाच किलोच्या आसपास येते. पिक जोरात मारला की ती आधी वर जाते, मग सुरावर येते, आणि पाम म्यूटमध्ये, म्हणजे तळवा तारांवर टेकवून वाजवताना, नुसतं फडफडणं ऐकू येतं. ५६ ची तार लावली की सी ला ताण परत सात किलोच्या जवळ येतो, हाताला ई स्टँडर्डसारखंच वाटतं. पण तीच ५६ ए ला नेली की पाच किलोच्या घरात. मग ६६, ७० अशा तारा शोधायच्या. त्या इतक्या ताठ की वरच्या फ्रेटवर सूर जागेवर राहत नाही. बी साठी २७ इंची बॅरिटोन, म्हणजे लांब स्केलची गिटार घ्या, ५६ नंच साडेसात किलो मिळतील. आमच्या बँडची गाणी सी च्या खाली जात नाहीत आणि गायकाचा गळाही तिथंच बरा चालतो, म्हणून वाद मिटला.

बेळगावात दुकानांत अकूस्टिक भरपूर. हव्या त्या सिंगल-कट शेजारी-शेजारी ठेवून वाजवून बघायच्या तर पुणं गाठावं लागतं. शहापूरचा आमचा ड्रमर सोबत आला होता. दोन तास ऐकून त्याचा शेरा, "सगळ्या सारख्याच वाजतात की रे!" ड्रमरकडून आणखी काय अपेक्षा करायची. एपिफोनची लेस पॉल ओळखीची, नेक भरदार. पीआरएसची एसई २४५ सुंदर, पण साडेचोवीस इंच, म्हणजे आणखी आखूड. माझ्या कामासाठी उलट्या दिशेला. एलटीडीची ईसी-१००० खांद्याला सगळ्यात हलकी वाटली. तिच्यात ब्रिजला ईएमजी ८१ आणि नेकला ६०, हे बॅटरीवर चालणारे अॅक्टिव्ह पिकअप. खालचे सूर कापल्यासारखे स्वच्छ येतात. ती जवळपास घेतलीच होती. पण नऊ व्होल्टची बॅटरी सांभाळायचा मला कंटाळा आहे, शिवाय क्लीन आवाज मला पॅसिव्हचाच, म्हणजे बिनबॅटरीच्या पिकअपचाच आवडतो. शेवटी सिरॅमिक मॅग्नेटचं पॅसिव्ह हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असलेली सेकंडहँड उचलली. हेडवर कुणाचं नाव आहे याला आता महत्त्व नाही, कारण निम्मा आवाज पुढच्या कामातून आला.

फ्रेटबोर्ड शिसवाचा आहे. खानापूर-दांडेलीच्या रानात हेच झाड उभं असतं, हे आमच्या बेसवाल्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आमच्या मळ्याच्या बांधावरचं तोडून देऊ काय?" बेसवाला खानापूरचा.

आता नट, म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. कारखान्यातून येतो तो १०-४६ (सगळ्यात पातळ तार १०, सगळ्यात जाड ४६) च्या हिशोबानं कापलेला. त्यात ५६ बसत नाही, वरच तरंगते आणि ट्यूनर फिरवला की 'टिक' करून उडी मारते. फाइल घेऊन घरी बसण्यापेक्षा मी मिरजेला गेलो. रेल्वेनं सोपं पडतं, आणि सतार-तानपुऱ्याची घोडी घासण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्यापेक्षा तारेखालची खाच कुणाला कळणार? तिथल्या सतारवाल्या चाचांनी गिटार उलटसुलट करून पाहिली. "तार बसली पाहिजे, आवळली नाही पाहिजे. तळ गोल, उतार खुंटीकडं." बारीक कानशीनं घासायचं, तार ओढून ऐकायचं, परत घासायचं. सिंगल-कटच्या तीन-तीन खुंट्यांच्या हेडवर तिसरी आणि चौथी तार नटपासून बाहेर वळते, तिथं तर हे काम जास्तच लागतं. आता खाचेत पेन्सिलीचं शिसं भरलं आहे. बेंड केल्यावर तिसरी तार जागेवर परत येते.

ट्रस रॉडला (नेकमधल्या सळईला) फारसं हात लावावं लागलं नाही. जाड तारांनी एकूण ताण पूर्वीइतकाच ठेवला की नेक आपली वाकण सोडत नाही. पातळ तारा ढिल्या सोडल्या असत्या तर नेक मागे गेली असती आणि पहिल्या फ्रेटवर खरखर. पण आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर-खाली होते. बारीक सेटअप दसऱ्यानंतर करणं शहाणपणाचं. तोवर केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि वाजवून झाल्यावर तारा पुसणं.

आवाजाबद्दल एकच: गेन (अँपची विकृती वाढवणारं बटण) कमी करा. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल अँपच्या आधी, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. तो खालचा गुबार गेनच्या आधीच कापतो. सी ला ६५ हर्ट्झचा सूर आहे, त्याखाली बेस ३३ वर गुरगुरत असतो. तिथं गिटारनं भाऊगर्दी करायची नाही.

वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचत नाही ही सिंगल-कटची जुनी तक्रार. मी रिदमवाला, बाराव्याच्या पुढे माझं फारसं काम नाही. वजन मात्र जाणवतं. रुंद पट्टा घेतला.

राहिलं इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. सहावी तार बाराव्या फ्रेटला अजून किंचित चढी लागते. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवून संपला, स्क्रू पुढे जात नाही. आता तो काढून उलटा बसवायचा, म्हणजे मिलिमीटरभर जागा मिळते. तेवढ्यानं नाही भागलं तर ५६ ऐवजी ५४ लावून ताण किती पडतो ते बघेन.