तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानापुढच्या गाड्यांबद्दल

व्यापाऱ्यांच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं ठेवून विचारलं. प्रश्न तोच. "वहिनी, तुमचं स्वतःचं दुकान सांगलीच्या पेठेत, आणि तुम्हीच म्हणता दुकानांपुढच्या गाड्या काढा? धंदा नकोसा झालाय का?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

धंदा नकोसा झालेला नाही. त्यावरच घर चालतं. आणि मी गाड्यांच्या विरोधातही नाही. आमच्याकडे मोटार आहे, विश्रामबागेत सोसायटीत उभी असते, गावाला जायचं असलं की निघते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाक्य ऐकायच्या आत लोक म्हणतात, "मग तुम्ही विका की तुमची."

माझं दुकान दहा बाय बारा. सासऱ्यांनी भाड्याने घेतलं तेव्हापासून तेवढंच. वह्या, पुस्तकं, कंपासपेट्या, वरच्या माळ्यावर पुठ्ठे आणि ब्राउन पेपर. १२० चौरस फूट जागेचं भाडं भरते, विजेचं बिल व्यापारी दराने भरते. एक मोटार उभी करायला नियमाप्रमाणे अडीच बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. माझ्या अख्ख्या दुकानापेक्षा मोठी जागा, त्याच पेठेत, त्याच भावाची, दिवसभर फुकट. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातच लिहिलेलं आहे की पार्किंगचं शुल्क त्या जागेच्या किमतीला साजेसं असावं. आपल्याकडे हे नुसतं बोलून दाखवलं तरी लोक असे बघतात, जशी काही मी श्वासावर पट्टी बसवतेय.

आणि गाड्या कुणाच्या असतात? इथे माझे शेजारी माझ्यावर चिडतात. सकाळी दहाला शटर वर करताना लागलेली मोटार रात्री शटर ओढल्यावर हलते. ती गिऱ्हाइकाची नसते. ती मालकाची, त्याच्या भावाची, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या साहेबांची असते. माझं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतून पोराला घेऊन स्कूटरवर आलेली आई. ती दोन फेऱ्या मारते, जागा मिळत नाही, शेवटी भर रस्त्यात स्कूटर स्टँडवर लावून, पोराला वर बसवून "चारेघी दोन, दुरेघी एक" असं लांबूनच ओरडते. मी वह्या घेऊन धावत बाहेर जाते. मागून हॉर्न. हा धंदा आहे म्हणता?

पण मला हे हिशेबातून सुचलं नाही. सुचलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

पुराचं तुम्हाला मी सांगायला नको. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी मारुती चौकाकडून चढायला लागलं तशा पेठेतल्या सगळ्या गाड्या विश्रामबागेकडे, मिरज रोडला गेल्या. माणसांच्या आधी गाड्या हलल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही जमेल तेवढा माल माळ्यावर टाकला. माळ्यालाही पाणी लागलं.

ओसरल्यावर शटर उघडेना. आतून काहीतरी दाबून धरल्यासारखं. पहार घालून उचललं तेव्हा कळलं: वह्या फुगल्या होत्या. कोरडी वही रॅकमध्ये जेवढी बसते त्याच्या दीडपट झाल्या होत्या, एकमेकींना इतक्या दाबून बसल्या होत्या की रॅकच्या फळ्या कमानीसारख्या वाकल्या होत्या. एक गठ्ठा ओढला तर हातात लगदाच आला. निळ्या कव्हरांचा रंग भिंतीवर उतरला होता, अजूनही चुन्याखालून दिसतो. माल गेला याचं रडू मला तेव्हा आलं नाही. मी शोधत होते ती उधारीची वही. दोन शाळांची येणी, तालुक्यातल्या मास्तरांच्या ऑर्डरी, सगळं त्यात. सापडली. पानं चिकटली होती, पण बॉलपेनचं अक्षर टिकलं होतं.

मग मी रस्त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि एकेक पान सोडवून वाळत घातलं, कोपऱ्यांवर चिखलातले दगड ठेवून. समोरच्या कापडवाल्यांनी या खांबापासून त्या खांबापर्यंत दोऱ्या बांधून साड्या टांगल्या होत्या. पुढे भांडीवाले घमेली घासत बसले होते. वास असा की नाकाला पदर लावूनच काम. आणि त्या सगळ्यात मला पहिल्यांदा दिसलं की आमचा रस्ता एवढा रुंद आहे. लग्न होऊन आल्यापासून मी तो पूर्ण कधी बघितलाच नव्हता. कडेला एकही गाडी नाही. मदतीला आलेली पोरं मधून चालत होती, म्हातारी माणसं काठी टेकत आपापलं घर बघायला निघाली होती, कुणाला बाजूला व्हावं लागत नव्हतं. पुराचं कौतुक करतेय असं कृपा करून म्हणू नका. त्या पुराने आमचं काय केलं ते आमचं आम्हाला माहीत.

दुपारी एक पांढरी मोटार आली आणि रिव्हर्स घ्यायला लागली. मी हात केला. "दादा, पानं वाळत घातलीत, जरा पुढे घ्या." तो म्हणाला, "पाच मिनिटं." मी म्हटलं, पाच मिनिटंही नको, पुढे अख्खा रस्ता मोकळा आहे. तर काच खाली करून म्हणाला, "रस्ता काय विकत घेतलाय का वहिनी?" आणि मागचं चाक प्लॅस्टिकवर चढलं. गाडी लॉक करून निघून गेला. आला तो दिवेलागणीला.

चाकाखालची पानं रस्त्याला चिकटून बसली. नखाने खरवडून काढली, वाचता येईना. एका शाळेने नंतर त्यांच्या दप्तरात बघून पैसे दिले, देवमाणसं. दुसऱ्या शाळेने "कागद दाखवा" म्हटलं. तो विषय तिथेच संपला.

मागाहून कळलं, तो माणूस मागच्या बोळात बहिणीच्या घरातला चिखल उपसायला आला होता. तोही माझ्यासारखाच त्या दिवशी अर्धमेला. त्याच्यावर माझा राग राहिलेला नाही. पण त्याचा प्रश्न गेला नाही. मी रस्ता विकत घेतला नव्हता, खरंच. त्यानेही घेतला नव्हता. मग सगळा रस्ता रिकामा असताना, त्याने गाडी लावली की ती जागा त्याची आणि मी पानं पसरली की ती अडचण, हे ठरलं कधी? कुणी ठरवलं?

पुढे भाची नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला शिकायला गेली, तेव्हा तिच्याकडे जाऊन आले. सायकलींचं गाव. भर पेठेत मंगळवार, शुक्रवार, शनिवार असा आठवड्याचा बाजार भरतो, मासे, भाजी, चीज, फुलं. भाचीने सांगितलं की १९७७ पर्यंत या गावातून मोटारी आरपार धावत होत्या. मग मॅक्स व्हान डेन बर्ग नावाच्या, ऐन पंचविशीत नगरपालिकेच्या कारभारात आलेल्या माणसाने गावठाणाचे चार भाग पाडले. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्याला लागून वळसा घालावा लागतो. सायकल मात्र सरळ जाते. सप्टेंबरात एका रात्रीत पाट्या बदलल्या. सगळ्यात जास्त बोंब कुणी मारली? दुकानदारांनी. हे ऐकून मला इतकं घरच्यासारखं वाटलं की विचारू नका. ॲमस्टरडॅमने तर २०१९ मध्ये जाहीर केलं की २०२५ पर्यंत रस्त्यावरच्या ११,२०० पार्किंगच्या जागा कमी करायच्या. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, मोटार घेण्याआधी ती ठेवायची जागा कुठे आहे ते दाखवा. आपल्याकडे आधी गाडी, मग पेढे, मग जागा शोधणं.

"तिकडचं इकडे चालत नाही वहिनी." माहीत आहे. सांगली सपाट आहे, सायकलला याहून बरं गाव कुठलं, पण मेच्या दुपारी सायकल मारून दाखवा म्हटलं तर मीही रिक्षाच करीन. गाड्या हलल्या की हातगाडे येतील, तेही खरं. माझं म्हणणं, हातगाड्याजवळ माणूस थांबतो आणि थांबलेला माणूस दुकानात शिरतो; उभी मोटार काहीच विकत घेत नाही. शेजारच्या सराफांना हे पटत नाही. पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तर एवढा विरोध झाला की ते मोजक्या रस्त्यांपुरतंच उरलं. पुण्याला जमलं नाही ते आपल्याला जमेल असं छातीठोक मी म्हणत नाही.

शिवाय माझ्यातच एक दुसरी बाई आहे, पुराच्या आधीची. ती दुकानापुढे रोज सकाळी स्टूल आणि रिकामं खोकं ठेवायची, कुणी गाडी लावू नये म्हणून. "गिऱ्हाइकासाठी जागा" अशी पाटी तिनेच रंगवून घेतली होती. ती मला म्हणते, अगं, मॉलला फुकट पार्किंग आहे म्हणून लोक तिकडे जातात, तू इथे चालायला लावलंस तर मोबाईलवरून वह्या मागवतील. मी तिला म्हणते, मागवतातच आहेत, समोर गाड्या उभ्या असताना. ती गप्प बसत नाही. मीही नाही.

सभेत मी मागितलं ते फार नव्हतं: दुकानदारांनी आपापल्या मोटारी पेठेबाहेर लावायच्या, आणि पुढची जागा अर्ध्या तासाच्या बोलीवर गिऱ्हाइकाला आणि माल उतरवायला. एकजण म्हणाला, "ओ वहिनी, गाडी हितं नाही लावायची तर काय डोक्यावर घेऊन फिरू?" सगळे हसले, मीही हसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

आणि एक अडचण माझीच आहे, ती तुमच्यापैकी कुणी काढली नाही म्हणून मीच काढते. ग्रोनिंगेनच्या पेठेत मालाच्या गाड्या सकाळीच येऊन जातात. माझा टेम्पो कोल्हापूरहून भर दुपारी येतो, ऐन गर्दीत, आणि अर्धा रस्ता अडवून उभा राहतो. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, सकाळी अकराच्या आत येत जा. तर म्हणतो, "येतो की काकू, पण मग पहाटं निघावं लागतंय, भाडं वाढवून द्या." वाढलेलं भाडं वहीवर टाकलं तर ती स्कूटरवाली आई घेणार नाही, नाही टाकलं तर माझ्या खिशातून जाणार. त्याला अजून हो म्हटलेलं नाही.